तुरट म्हणजे कडू नाही आणि फ्रूटी म्हणजे गोड नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही वेगवेगळ्या प्रदेशांतल्या वाईन्सवर अख्खं पान दिलंत, ते मी सकाळी एकदा घाईत आणि रात्री निवांत असं दोनदा वाचलं. मराठी पेपरात या विषयाला एवढी जागा मिळाली याचाच आधी आनंद झाला, कारण एरवी वाईन म्हटलं की तब्येतीला चांगली की वाईट यावरच सगळे भांडत बसतात, चवीबद्दल कुणी बोलतच नाही. पण वाचून झाल्यावर मन खट्टू झालं. बारा वाईन्सची नावं होती आणि जवळजवळ प्रत्येकीपुढं फ्रूटी, स्मूथ, रिच, क्रिस्प यातलेच दोन-तीन शब्द फिरवून फिरवून लावले होते, त्यामुळं स्पेनची वाईन आणि इटलीची वाईन यांत नेमका फरक काय हे शेवटपर्यंत कळलंच नाही. नावं झाकून नुसती वर्णनं वाचायला दिली असती तर कुठलं वर्णन कुठल्या वाईनचं ते मलाही सांगता आलं नसतं, आणि मी गेली चौदा-पंधरा वर्षं आवडीनं हेच शिकतेय.

त्यात दोन वाक्यं चक्क चुकीची आहेत, म्हणून हे पत्र. एक, "टॅनिनमुळे वाईनला कडवटपणा येतो" (टॅनिन म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांत आणि चहाच्या पत्तीतही असणारा पदार्थ). दुसरं, "फ्रूटी म्हणजे गोडसर". ही दोन वाक्यं डोक्यात बसली की माणूस पुढं जी वाईन चाखेल ती चुकीचीच समजणार.

पहिल्यापासून सुरू करते. ज्यांनी आयुष्यात वाईन प्यायली नाही आणि प्यायची इच्छाही नाही त्यांनाही हे करून बघता येईल. कोरा चहा करा, दूध साखर काही नको, पत्ती दहा मिनिटं तशीच पाण्यात राहू दे, मग कोमट झाला की एक मोठा घोट घेऊन तोंडात सगळीकडं फिरवा आणि गिळा. आता जीभ टाळूवर घासून बघा. खरखरीत लागते, गालाच्या आतली बाजू आवळल्यासारखी होते, हिरड्या कोरड्या पडतात. हा तुरटपणा. कडू ही चव आहे, ती जिभेला कळते, तुरटपणा म्हणजे चव कमी आणि स्पर्श जास्त, कारण टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं आणि लाळेचा जो गुळगुळीतपणा असतो तोच निघून जातो. चहात थोडा कडवटपणाही असतो, दोन्ही एकदम येतात म्हणून लोकांचा घोटाळा होतो, पण एकदा लक्ष देऊन बघितलं की दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी लागतात हे कुणालाही कळतं. आता त्याच कपात लिंबू पिळा, जबड्याच्या मागून लाळ सुटेल, तो आंबटपणा. मग चमचाभर साखर घाला, लिंबू तेवढंच असूनही आंबट कमी वाटायला लागतं. वाईनचा सांगाडा तोच, तुरट, आंबट, गोड आणि चौथं म्हणजे अल्कोहोलची घशात लागणारी ऊब. वास त्यावर चढतात.

आणि मला खरंच वाईट वाटलं ते असं की तुरट हा शब्द आपल्याकडं लहान पोरालाही माहिती असतो. सहा रसांत कषाय म्हणून त्याला वेगळी जागा आहे. इंग्रजीत त्यासाठी जरा पुस्तकी शब्द वापरावा लागतो, आपल्याकडं तो बोलण्यातच आहे, दात आंबणे आहे, लाळ सुटणे आहे, तोंडाला कोरड पडणे आहे, आणि तरी आपण लिहितो स्मूथ.

तुरटपणा समजला की बारोलो समजते. इटलीच्या वायव्येला पिएमोंत म्हणून प्रांत आहे, तिथल्या लांगे टेकड्यांमधल्या अकरा गावांतच ही वाईन होते आणि द्राक्ष एकच, नेबिओलो. तुमच्या लेखात तिला "डार्क, रिच रेड" म्हटलंय. डार्क? मी पहिल्यांदा बारोलो ग्लासात ओतली तेव्हा मला वाटलं बाटली बदलली की काय, इतका फिका रंग, ग्लासामागं धरलेला छापील कागद वाचता येत होता. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका केला तर कडेला विटेसारखी नारिंगी छटा. वास घेतला तर वाळलेला गुलाब, आणि त्याच्या मागून नव्या रस्त्यावर ओततात तसं डांबर. हे दोन वास एकत्र कसे असू शकतात असं वाटेल, पण बारोलोचं वर्णन जगभर याच दोन शब्दांनी करतात आणि एकदा कळलं की विसरत नाही. मग घोट घेतला. रंग बघून मी हलकीफुलकी समजले होते आणि दहा सेकंदात माझ्या वरच्या हिरड्या दातांना चिकटल्यासारख्या झाल्या, त्या कोऱ्या चहाच्या दुप्पट, आणि त्याच वेळी आंबटपणानं लाळ सुटत होती, म्हणजे तोंड एकीकडून कोरडं आणि एकीकडून ओलं. म्हणूनच तिथल्या नियमात ती विकण्याआधी कमीत कमी ३८ महिने ठेवायची असते, त्यातले १८ महिने लाकडी पिंपात, आणि रिझर्व्हा लिहायचं असेल तर ६२ महिने. टॅनिन निवायला तेवढा वेळ लागतो. अशा वाईनला स्मूथ लिहिलं आणि कुणी ते वाचून ती उघडली तर तो म्हणणार मला वाईन झेपत नाही, चूक मात्र वर्णनाची.

दुसरी चूक, फ्रूटी म्हणजे गोड. फळाचा वास नाकाला येतो, गोडी जिभेला कळते, दोन्हींचा संबंध असायलाच पाहिजे असं नाही. न्यूझीलंडच्या मार्लबरो भागातली सॉव्हिन्यों ब्लां या द्राक्षाची पांढरी वाईन घ्या, तिथं आत्ताच्या काळातली मोठी लागवड १९७३ पासून सुरू झाली, म्हणजे वाईनच्या हिशोबानं परवा, आणि एवढ्यात त्या वाईनची चव जगात कुणीही ओळखावी इतकी पक्की झाली. ग्लास नाकाजवळ न्यायच्या आधीच वास येतो, पॅशनफ्रूट, ग्रेपफ्रूट, आणि सोबत नुकतीच चिरलेली हिरवी ढोबळी मिरची, कापलेलं गवत. मिरचीचा वास ही काही कविकल्पना नाही हो, पायराझिन नावाचं जे रसायन ढोबळी मिरचीला वास देतं तेच त्या द्राक्षात असतं आणि लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम असलं तरी आपल्या नाकाला कळतं. तिथं ऊन भरपूर आणि रात्री थंड, त्यामुळं फळाचा वासही पिकतो आणि आंबटपणाही टिकतो. पिऊन बघितली तर बहुतेक बाटल्यांत साखर जवळपास नाहीच, दात आंबतील इतकी आंबट. म्हणजे वासाला पूर्ण फळ आणि जिभेला कोरडी, वाईनच्या भाषेत कोरडी म्हणजे गोड नसलेली. फ्रूटी वाचून गोडाच्या अपेक्षेनं घेणाऱ्याची काय गत होईल सांगा.

आणि याच्या बरोब्बर उलट उदाहरण जर्मनीच्या मोझेल नदीकाठचं रीझलिंग. मोझेलबद्दल मला जरा जास्तच लिहावंसं वाटतं कारण माझी सगळ्यात लाडकी वाईन तीच. नदी सापासारखी वळणं घेत जाते आणि दोन्ही बाजूंना पाटीच्या दगडाचे उतार, काही ठिकाणी इतके उभे की चढताना हात टेकावा लागेल, ब्रेमजवळच्या काल्मोंट उतारावर चढ साठ अंशांच्या वर जातो. इतक्या उत्तरेला द्राक्ष पिकणंच अवघड, म्हणून दक्षिणेकडं तोंड असलेला उतार धरायचा, काळा दगड दिवसा तापतो आणि रात्री ती ऊब वेलीला देतो, खालच्या पाण्यावरून उजेड परततो. एवढं करून द्राक्ष सावकाश पिकतं आणि आंबटपणा जात नाही. मग तिथले लोक सगळी साखर आंबवून संपवायच्या आधीच आंबवणं थांबवतात, त्यामुळं काबिनेट किंवा श्पेटलेझ लिहिलेल्या पारंपरिक बाटलीत अल्कोहोल फक्त आठ-नऊ टक्के आणि लिटरला चाळीसेक ग्रॅम साखरसुद्धा असू शकते. आकडा वाचून वाटेल सरबत आहे. पण तोंडात घेतल्यावर आधी गोडी, लगेच मागून लिंबासारखी धार आणि गोडी कुठं गेली कळत नाही, चहात लिंबू-साखर घातल्यावर जे झालं तेच पण फार नाजूकपणे. हिरवं सफरचंद, पीच, आणि पहिला पाऊस पडल्यावर दगडातून येतो तसला काहीतरी ओला गंध. हीच बाटली दहा-पंधरा वर्षं ठेवली तर तिला रॉकेलसारखा वास येतो. खरंच रॉकेल. बऱ्याच जणांना वाटतं वाईन बिघडली, पण तो जुन्या रीझलिंगचा स्वभाव आहे आणि त्या वासासाठी लोक वर्षानुवर्षं थांबतात. आता हे "लाइट अँड फ्रूटी" या तीन शब्दांत कसं मावणार?

शाब्लीबद्दल थोडं. पहिलं म्हणजे तिचा उच्चार तुम्ही छापलाय तसा चॅब्लिस नाही, शाब्ली. फ्रान्समध्ये बरगंडीच्या उत्तर टोकाला हा भाग, फक्त शार्डोने द्राक्ष. लेखात शार्डोने म्हणजे बटरी असं सरसकट लिहिलंय. लोण्याचा वास येतो तो आंबवल्यानंतर जिवाणू वाईनमधलं एक आम्ल बदलून टाकतात त्या वेळी तयार होणाऱ्या पदार्थामुळं, आणि नव्या ओक लाकडाच्या पिंपातला व्हॅनिलाचा वास जोडीला आला की मग ती जाडसर, लोण्यासारखी चव होते. बरगंडीतच थोडं दक्षिणेला म्यूर्सोला गेलात तर ती मिळेल, हेझलनटसकट. शाब्ली मात्र बहुतेक वेळा नव्या लाकडाशिवाय केलेली, सडपातळ, हिरवं सफरचंद, लिंबाची साल, दगडावर दगड घासल्यावर येतो तसला वास. जमीन चुनखडी आणि मातीची, तिच्यात बारीक बारीक शिंपल्यांचे जीवाश्म, सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी तिथं समुद्र होता त्याच्या खुणा. यावरून बरेच जण लिहितात की समुद्राची चव वाईनमध्ये उतरते. ऐकायला छान आहे पण भूगर्भवाले लोक म्हणतात दगडातली खनिजं अशी सरळ मुळांतून चवीत येत नाहीत, आणि मला त्यांचं पटतं. माती पाणी किती धरते, किती सोडते, हवा किती थंड, याचा हात मोठा. मिनरल हा शब्द वापरायला माझी हरकत नाही, पण नेमकं काय जाणवलं ते लिहावं, खारट, दगडासारखं, का नुसतं आंबट.

फ्रान्सचा विषय निघालाच आहे तर माझ्या एका मैत्रिणीची गोष्ट सांगते. आम्ही काही जण अधूनमधून जमतो, प्रत्येकानं एक बाटली आणायची, वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीनं बांधायची म्हणजे लेबल दिसत नाही, आणि मग सगळ्यांनी चाखून आपापल्या वहीत लिहायचं. ती दोन-तीनदा आली आणि यायची बंद झाली. विचारल्यावर म्हणाली, अगं तुम्ही सगळे ब्लॅककरंट ब्लॅककरंट करता, मी ते फळ कधी बघितलं पण नाही, मला त्यात काहीच सापडत नाही, माझं नाकच तसलं असेल. फार आग्रह करून तिला परत आणलं. त्या दिवशी गुंडाळलेल्या बाटल्यांत एक बोर्दो होती, जिरोंद खाडीच्या डाव्या काठची, जिथं गोट्यांची जमीन आहे आणि काबर्ने सॉव्हिन्यों जास्त लावतात. तिनं बराच वेळ ग्लास नाकाशी धरला आणि अगदी हळू, चुकलं तर चुकलं अशा आवाजात म्हणाली, शिसपेन्सिल टोकयंत्रात फिरवल्यावर जो भुसा पडतो ना, त्याचा वास येतोय. सगळे गप्प. कारण तो अगदी तंतोतंत तोच वास होता. सिडार म्हणतात ते देवदारासारखं लाकूड पेन्सिलला वापरतात, आणि डाव्या काठच्या बोर्दोत सिडार, पेन्सिल हा वास पिढ्यान्पिढ्या नोंदवला गेलाय. तिनं कुठंही वाचलेला नव्हता. तिला शाळेतला दप्तराचा कप्पा आठवला होता. तेव्हापासून ती एकदाही चुकवत नाही, आणि आमच्या सगळ्यांत तिच्या वहीतली वर्णनं सगळ्यात चांगली असतात.

म्हणून मी कळकळीनं सांगतेय की परक्या फळांची नावं जशीच्या तशी उतरवून काढली की वाचणाऱ्याला वाटतं आपल्यालाच काही कळत नाही. गूजबेरी, ब्लॅककरंट, बॉयझनबेरी, ज्यानं ती कधी खाल्ली नाहीत त्याला या शब्दांतून काहीही कळत नाही. वास हा आठवणीतूनच ओळखता येतो, दुसरा रस्ताच नाही.

तरी यात एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, सगळ्यांची नाकं सारखी नसतात. फ्रान्सच्या उत्तर रोन खोऱ्यातल्या सिरा द्राक्षाच्या वाईनला ताज्या कुटलेल्या काळ्या मिरीचा वास येतो. तो कशामुळं येतो याचा शोध ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी लावला आणि २००८ मध्ये प्रसिद्ध केला, रोटंडोन नावाचा पदार्थ, मिरीत असतो तोच. आणि त्याच अभ्यासात दिसलं की साधारण पाचातल्या एका माणसाला तो वास येतच नाही, बराच जास्त दिला तरी. म्हणजे एकाच टेबलावर बसून एक म्हणेल मिरी, दुसरा म्हणेल छे, कुठं, आणि दोघंही खरं बोलत असतील. हेच द्राक्ष ऑस्ट्रेलियाच्या बरोसात शिराझ या नावानं वाढतं, तिथं हवा गरम, म्हणून मिरी मागं पडते आणि पिकलेली काळी फळं, चॉकलेट, दाट अंग, जास्त अल्कोहोल. द्राक्ष एक आणि हवा वेगळी. प्रादेशिक वाईन म्हणजे काय हे दाखवायला मला यापेक्षा सोपी जोडी माहिती नाही, आणि तुमच्या यादीत दोन्ही होत्या पण दोन टोकांना, एकमेकींचा उल्लेखसुद्धा नाही.

स्पेनच्या रिओहाला लेखात चार ओळी आहेत त्या बऱ्या आहेत, पण क्रियान्सा, रेसेर्वा, ग्रान रेसेर्वा हे शब्द दर्जा म्हणून दिलेत, ते मुख्यतः किती काळ ठेवली याचं सांगणं आहे. रेड वाईनला क्रियान्सा म्हणजे दोन वर्षं त्यातलं एक पिंपात, रेसेर्वा तीन वर्षं, ग्रान रेसेर्वा पाच आणि त्यातली दोन पिंपात. तिथं परंपरेनं अमेरिकन ओक वापरतात आणि त्या लाकडातून सुक्या खोबऱ्याचा आणि व्हॅनिलाचा वास येतो, म्हणून जुन्या पद्धतीची रिओहा वासावरून ओळखणं नवशिक्यालाही जमतं. खोबरं, जुनं चामडं, सुकलेली स्ट्रॉबेरी. मी शिकवायला सुरुवात यावरूनच करते.

पण स्पेनमधल्या ज्या वाईनवर तुम्ही एक ओळही दिली नाहीत तिच्यासाठी मला भांडायचंय. शेरी. दक्षिणेला हेरेस गावाभोवती पांढरीशुभ्र चुनखडीची जमीन आहे, तिथं पालोमिनो नावाचं अगदी साधं, फारसा वास नसलेलं द्राक्ष. त्याची वाईन करून त्यात थोडा अल्कोहोल घालून १५ टक्क्यांवर आणतात आणि पिंप मुद्दाम पूर्ण भरत नाहीत, वर हवेला जागा ठेवतात. मग वाईनच्या पृष्ठभागावर यीस्टची साय धरते. अक्षरशः साय, पांढरट, सुरकुतलेली, तिला फ्लोर म्हणतात. ती साय वाईनला हवेपासून वाचवते आणि त्याच वेळी आतलं ग्लिसरीन वगैरे खाऊन टाकते, म्हणून अशी शेरी, तिला फिनो म्हणतात, इतकी कोरडी लागते की बाकी सगळ्या कोरड्या वाईन्स तिच्यापुढं गोडच. फिक्कट गवती रंग, वास घेतला की ओले बदाम, मळलेली कणीक फुगायला ठेवलीय तसला यीस्टचा वास, कापून ठेवलेलं सफरचंद, आणि घोट घेतला की खारटपणाची जाणीव. पहिला घोट कुणालाच आवडत नाही. मलाही नव्हता आवडला, ग्लास बाजूला ठेवला होता, अर्ध्या तासानं परत घेतला आणि मग रात्रभर दुसरं काही नको वाटलं. आणि अल्कोहोल १७ टक्क्यांच्या वर नेला तर ती साय जगत नाही, वाईन हवेत उघडी पडते, तांबूस तपकिरी होते, अक्रोडाचा, जुन्या लाकडी कपाटाचा वास येतो, ती ओलोरोसो. गाव तेच, द्राक्ष तेच, फक्त सायीखाली ठेवली का उघडी यावर दोन वेगळ्या वाईन्स. जुन्या पिंपातून थोडी काढायची आणि तेवढीच त्यापेक्षा नव्या पिंपातली वर घालायची, असं वर्षानुवर्षं चालतं, त्यामुळं प्रत्येक बाटलीत कुठल्यातरी फार जुन्या वर्षाचा थेंब असतोच. एवढी मोठी गोष्ट आणि पानभर लेखात तिचं नावही नाही.

हंगेरीच्या टोकायवर "डेझर्ट वाईन, खूप गोड" इतकंच लिहिलंय. बोद्रोग आणि तिसा या दोन नद्यांचा तिथं संगम, शरदात सकाळी धुकं, दुपारी ऊन, त्यानं द्राक्षांवर एक बुरशी धरते जिनं साल पातळ होऊन आतलं पाणी उडतं आणि मणी सुरकुतून मनुक्यासारखे होतात. ते एकेक मणी हातानं वेचतात. त्यांच्यापासून होणाऱ्या आसू वाईनमध्ये लिटरला कमीत कमी १२० ग्रॅम साखर, पण फुर्मिंट द्राक्ष मुळात इतकं आंबट की तोंड बुजत नाही, जर्दाळू, मध, संत्र्याच्या सालीचा मुरंबा, किंचित केशर, आणि गिळल्यावर मिनिटभर चव रेंगाळते. तिथल्या द्राक्षप्रदेशाची हद्द १७३७ मध्येच राजाज्ञेनं ठरवली गेली होती, बोर्दोचं ते प्रसिद्ध १८५५ चं वर्गीकरण होण्याच्या शंभरहून जास्त वर्षं आधी. जॉर्जिया देशाची पण आठवण करून देते, जमिनीत पुरलेल्या मातीच्या रांजणात पांढरी द्राक्षं साली-बियांसकट महिनोन् महिने ठेवायची ही तिथली पद्धत २०१३ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली, आणि त्या केशरी वाईनचा तुरटपणा समजून घ्यायला पुन्हा तोच कोरा चहा उपयोगी पडतो.

आता जरा कटू अनुभव. काही वर्षांपूर्वी एका टेस्टिंगच्या कार्यक्रमाला गेले होते, कुठल्या ते सांगत नाही. एक रेड ओतली, नाकाशी नेली तर भिजून कुजलेल्या पुठ्ठ्याचा, बंद खोलीचा कुबट वास, फळ अजिबात नाही. समोरचे गृहस्थ म्हणाले, हा त्या प्रदेशाचा मातीचा गंध, अर्थी कॅरेक्टर. वीस-पंचवीस लोकांनी ते लिहून घेतलं. मीही लिहून घेतलं आणि दोन वर्षं त्या प्रदेशाची वाईन टाळली. नंतर दुसरी बाटली चाखली तेव्हा कळलं की त्या दिवशीची बुचामुळं बिघडलेली होती, टीसीए नावाचा पदार्थ बुचातून उतरतो आणि अगदी सूक्ष्म असला तरी वाईनचा सगळा वास मारून टाकतो. चूक बाटलीची नव्हती, बाटल्या बिघडतात. पण खात्रीनं चुकीचं सांगितलं गेलं आणि ऐकणाऱ्यांनी ते आयुष्यभरासाठी लिहून घेतलं याचा मला अजून राग येतो. छापलेल्या शब्दाचं वजन तर बोललेल्यापेक्षा जास्त.

सांगितलेल्या गोष्टीचा नाकावर किती परिणाम होतो याचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. बोर्दोमध्ये वाईन शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना एक पांढरी आणि एक लाल अशा दोन वाईन दिल्या, त्यातली लाल म्हणजे तीच पांढरी, फक्त वास नसलेला लाल रंग घातलेली. मुलांनी तिला रेड वाईनचेच शब्द लावले. २००१ मध्ये तो निबंध छापून आला आणि तेव्हापासून लोक तो दाखवून म्हणतात, बघा, वाईनची चव वगैरे सगळं थोतांड. मला अजिबात तसं वाटत नाही. डोळा नाकाच्या आधी बोलतो एवढंच त्यातून दिसतं, आणि म्हणूनच आम्ही बाटल्या तुमच्या पेपरात गुंडाळतो.

तेव्हा माझी विनंती अशी. पुढचा भाग येणार असं लेखाखाली छापलंय, त्यात वाईन्स बाराच्या ऐवजी पाच घ्या, पण प्रत्येकीचं द्राक्ष कुठलं, हवा थंड का गरम, लाकडात किती काळ होती, आंबट किती, तुरट किती, साखर आहे का नाही, हे साध्या मराठीत सांगा आणि मग एकच वास असा सांगा की जो लिहिणाऱ्याला स्वतःला आला. दोन ओळी तापमानावरही द्या, तुरट रेड फार गार केली तर आणखी तुरट लागते आणि वास झाकला जातो, पंधरा ते अठरा अंश पुरे, आणि पांढरी अगदी बर्फासारखी केली तर चव कळतच नाही. आणि टॅनिन म्हणजे कडवटपणा हे जे छापून गेलंय त्याची दुरुस्ती कृपया त्याच पानावर छापा, कोपऱ्यात नको.

पत्र लांबलं, छापताना कापावं लागलं तर माझ्याबद्दलचं कापा, शेरी आणि रीझलिंग ठेवा.

आपली नियमित वाचक

ता. क. लेखासोबतच्या फोटोत ग्लास काठोकाठ भरलाय. ग्लास एक तृतीयांशच भरतात, वरची जागा वास साठायला हवी असते, आणि ग्लास गोल फिरवून बघायचा तर भरलेला सांडतो.